‘लाल कूज’ : एका रोगनामाची आणि त्यामागील गद्याची चिकित्सा

१

मराठीत ऊसरोगांविषयी झालेले लेखन परिमाणाने लहान नाही. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ साली सुरू झाले. मांजरीची साखर संस्था १९७५ साली स्थापन झाली. अशा संस्थांची पत्रके, कृषी विद्यापीठांतील पाठ्यलेखन, विश्वकोशातील नोंदी आणि कारखान्यांच्या सभासदांसाठी निघणाऱ्या पुस्तिका यांतून एक स्वतंत्र शास्त्रीय गद्य घडले आहे. या गद्याचे गुण उघड आहेत. ते मोजके आहे, नेमके आहे आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाला उपयोगी पडावे अशा बेताने लिहिलेले आहे. रोग कसा ओळखावा आणि ओळखल्यावर काय करावे, हे दोन प्रश्न ते सहसा नजरेआड होऊ देत नाही.

परंतु रोग झाल्यावर उसाच्या आत नेमके काय बदलते, हा तिसरा प्रश्न विचारला की या गद्याची वाक्ये एकाएकी सैल होतात. रसाची प्रत खालावते, साखर कमी होते, इन्व्हर्टेज वाढते, ऊस कुजतो : या ठराविक वाक्यांतील सर्व क्रियापदे अकर्मक आहेत आणि हे बदल कोण घडवतो ते त्यांतील एकाही वाक्यात सांगितलेले नाही. शेतकऱ्यासाठी काढलेल्या पत्रकापुरते हे क्षम्य मानता येईल. तीच वाक्ये पदव्युत्तर पाठ्यलेखनात आणि प्रबंधांत जशीच्या तशी उतरतात, तेव्हा मात्र प्रश्न शैलीचा राहत नाही. रोगग्रस्त उसात दोन सजीव एकाच वेळी काम करीत असतात. बुरशी काही मोडते आणि ऊस काही घडवतो. या दोन क्रिया ज्या वाक्यात वेगळ्या होत नाहीत, त्या वाक्यातून जीवरसायनाचे ज्ञान पुढे जाऊ शकत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘लाल कूज’ हे रोगनाम होय.

२

ऊसरोगांची मराठी नावे बहुधा डोळ्यांना किंवा नाकाला जाणवणाऱ्या लक्षणांवरून पडलेली आहेत. ‘तांबेरा’ या नावात तांब्याचा रंग आहे. ‘काणी’ म्हटले की काळी भुकटी डोळ्यांसमोर येते, आणि उसाच्या शेंड्यातून निघणाऱ्या लांब काळ्या पट्ट्यामुळे तिला ‘चाबूक काणी’ असेही म्हणतात. ‘अननस रोग’ हे नाव वासावरून आले आहे. ‘लाल कूज’ या नावात रंगही आहे आणि नासाडीही आहे.

ही नावे एकाच साच्यातील वाटतात. पण त्यांतील रंग आणि वास कोणाचे, असा प्रश्न केला की साचा मोडतो. तांबेऱ्याचा तांबूसपणा बुरशीचा स्वतःचा आहे. पानावरील फोड फुटल्यावर बोटाला लागते ती तिच्या बीजाणूंची पूड असते. काणीचा काळा रंगही बुरशीच्या बीजाणूंचाच. अननस रोगातील वास इथिल ॲसिटेट या द्रव्याचा असतो आणि ते द्रव्य बुरशी निर्माण करते. वेंट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने जावा बेटावर काम करीत असताना १८९३ साली या बुरशीला ‘थिएलाव्हिऑप्सिस इथॅसेटिका’ असे नाव दिले. त्यातील दुसऱ्या पदात त्या द्रव्याची खूण उमटलेली दिसते. या तीनही नावांत विशेषण ज्याचे आहे, रोगही त्याचाच आहे.

‘लाल कूज’ मात्र निराळी आहे. कॉलेटोट्रायकम फॅल्कॅटम या बुरशीमुळे होणाऱ्या या रोगाचे वर्णनही वेंट यांनीच १८९३ साली केले. त्यांनी वापरलेल्या डच नावाचा शब्दशः अर्थ ‘तांबडा शेंबूड’ असा होतो. बटलर यांनी १९०६ साली बंगालमधील ऊसरोगांवर लिहिताना त्यासाठी ‘रेड रॉट’ हे इंग्रजी नाव वापरले आणि तेच पुढे सर्वत्र रूढ झाले. मराठी ‘लाल कूज’ हे त्याचे भाषांतर आहे. ‘तांबेरा’ आणि ‘काणी’ हे शब्द शेतकऱ्याच्या बोलीतून शास्त्रात आले. ‘लाल कूज’ हा शब्द शास्त्रातून शेताकडे गेला. असे असूनही या शास्त्रीय नावातच घोटाळा अधिक आहे. कारण यातील ‘कूज’ बुरशीने घडवलेली असते, तर ‘लाल’ बहुतांशी उसाचा असतो. विशेषण एका सजीवाचे आणि नाम दुसऱ्याच्या कामाचे, असा हा समास आहे. आधीच्या तीन नावांनी वळण लावलेला वाचक हा लाल रंगही बुरशीच्या खात्यावर टाकतो, आणि येथूनच चूक सुरू होते.

३

लाल रंगाविषयी जीवरसायन काय सांगते ते पाहिले पाहिजे. बुरशीचे तंतू कांड्याच्या गरात शिरले की आजूबाजूच्या जिवंत पेशी फेनिलॲलॅनिन या ॲमिनो आम्लापासून फिनॉल वर्गातील द्रव्ये बनवू लागतात. या मार्गाच्या तोंडाशी फेनिलॲलॅनिन अमोनिया लायेज हे विकर असते आणि आघातानंतर त्याची क्रियाशीलता वाढते. याच मार्गाने पुढे ल्युटिओलिनिडिन, ॲपिजेनिनिडिन यांसारखी नारिंगी-तांबडी रंगद्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये बुरशीच्या वाढीस मारक ठरतात. आघातानंतर वनस्पती स्वतः तयार करते अशा संरक्षक द्रव्यांना फायटोअलेक्झिन म्हणतात. ब्रिंकर आणि सायगलर यांनी १९९१ साली उसातून पिसिॲटॅनॉल हे अशाच प्रकारचे द्रव्य वेगळे केले, आणि १९९३ साली प्रतिकारक व रोगाला बळी पडणाऱ्या उसांत ते काळाच्या ओघात कसे साठत जाते याचा मागोवा घेतला. कोइमतूर येथील ऊस पैदास संस्थेतही या तांबड्या रंगद्रव्यांवर बरेच काम झालेले आहे.

उसाची जवळची नातेवाईक असलेल्या ज्वारीत हा प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता आला. स्नायडर आणि निकोल्सन यांनी १९९० साली दाखवले की, ज्वारीच्या पेशीत ही रंगद्रव्ये लहान लहान पुटिकांत जमतात, त्या पुटिका बुरशी जेथून आत शिरू पाहते त्या जागेकडे सरकतात आणि तेथे आपला साठा मोकळा करतात. ज्वारीच्या पानांवर दिसणारे तांबडे ठिपके महाराष्ट्रात कोणाला अपरिचित नाहीत. त्या ठिपक्याकडे रोगाचा डाग म्हणून पाहण्याची सवय आहे. पण त्यातील तांबडा रंग वनस्पतीने दिलेल्या उत्तराचा असतो.

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. लाल कुजीतील सगळा लाल रंग संरक्षणाचाच आहे, असे म्हणता येणार नाही. मेलेल्या पेशींतील फिनॉल द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी छटा येते, आणि खोडकिड्याने पोखरलेल्या उसातही बोगद्याभोवती गर लाल होतो. म्हणजे लाल रंग हे या रोगाचे एकट्याचे चिन्ह नव्हे. आघाताला उसाने दिलेल्या प्रतिसादाचे ते चिन्ह आहे. हेच विधान ‘लाल कूज’ या नावाच्या वाचनात हरवते.

रोगाची परीक्षा करणाऱ्यांनी मात्र हे फार पूर्वी ओळखले होते. श्रीनिवासन आणि भट यांनी १९६१ साली या रोगाच्या प्रतिकाराची प्रतवारी करण्यासाठी जे निकष मांडले, त्यांत शेंड्याची स्थिती, डागाची रुंदी, पांढरे ठिपके आणि रोगाने पेराची गाठ ओलांडणे या चार गोष्टींना महत्त्व दिले आहे. ऊस उभा चिरल्यावर लाल गरात आडवे पांढरे पट्टे दिसले आणि आंबूस वास आला, तर रोगाची खूण पक्की होते. प्रतिकारक उसातही लाली असते, पण ती अरुंद असते आणि गाठीपाशी अडते. या निकषांत लालीच्या गडदपणाला गुण नाहीत. ती किती पसरली आणि तिच्यात पांढरे किती, याला आहेत. नाव लाल रंगावर बोट ठेवते आणि परीक्षक पांढऱ्याकडे पाहतो. संज्ञा आणि व्यवहार यांतील हे अंतर मराठी पाठ्यलेखनाने विद्यार्थ्याला कधी उलगडून सांगितलेले दिसत नाही.

याचा परिणाम प्रयोगांच्या अर्थ लावण्यावरही होतो. रोगट उसात फिनॉलचे प्रमाण वाढले, एवढेच विधान केले तर त्यातून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढता येतात : ऊस अधिक प्रतिकारक आहे, किंवा ऊस अधिक बाधित आहे. ही द्रव्ये किती साठली यापेक्षा ती केव्हा आणि कोठे साठली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बुरशी चार कांडी पुढे गेल्यावर मागे साठलेली लाली संरक्षण म्हणून उपयोगाची नसते. ‘वाढते’ या क्रियापदाला काळ आणि स्थळ यांची जोड मिळाल्याखेरीज ते विधान शास्त्रीय होत नाही.

४

आता समासाच्या उत्तरपदाकडे, म्हणजे ‘कूज’ या शब्दाकडे वळता येईल. बुरशीचे काम कोणते, तर पेशीभित्ती विरघळवणे आणि साठवलेली साखर फोडणे. याविषयी ‘साखर कमी होते’ हे वाक्य सर्रास वापरले जाते. ते खोटे नाही, पण त्यातून अर्धीच हकिगत कळते.

उसात साठवलेली साखर म्हणजे सुक्रोज. इन्व्हर्टेज या विकराच्या योगाने सुक्रोजचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूसह फुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचा एकेक रेणू तयार होतो. वजनाच्या भाषेत ३४२ भाग सुक्रोजपासून ३६० भाग साध्या शर्करा मिळतात. म्हणजे या पायरीवर साखर नाहीशी होत नाही; विरघळलेल्या पदार्थांचे वजन उलट किंचित वाढते. समजा, एखाद्या रसातील १०० भाग घनपदार्थांत ८५ भाग सुक्रोज आहे आणि त्यातील १० भागांचे असे विघटन झाले. सुक्रोज ७५ भाग उरेल, पण घनपदार्थ सुमारे १००.५ होतील, रसाची शुद्धता ८५ वरून सुमारे ७४.६ वर येईल. जिभेला हा रस गोडच लागेल. हातातील ब्रिक्समापक विरघळलेले एकूण घनपदार्थ दाखवतो; त्यालाही या पायरीवर फारसे काही कळणार नाही. पुढे बुरशी या साध्या शर्करा स्वतःच्या पोषणासाठी खर्च करू लागते आणि रसाची आम्लता वाढते, तेव्हा कोठे साखर खऱ्या अर्थाने कमी होते. ‘साखर कमी होते’ या एका वाक्यात रूपांतर आणि खर्च या दोन वेगळ्या पायऱ्या एकत्र झाल्या आहेत, आणि पहिली, जी अधिक फसवी आहे, ती दिसेनाशी झाली आहे.

या विकराचे नाव स्वतः भाषाभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. सुक्रोजचे द्रावण ध्रुवीभूत प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते. फुटल्यानंतरच्या मिश्रणात फ्रुक्टोजचे डावीकडील वळण ग्लुकोजच्या उजवीकडील वळणापेक्षा प्रबळ ठरते आणि एकूण वळण डावे होते. प्रकाशाचे वळण उलटते म्हणून या क्रियेस ‘उलटणे’ या अर्थाचे नाव मिळाले आणि त्यावरून विकराचे नाव पडले. कारखान्याच्या प्रयोगशाळेतील पोलमापन याच वळणावर उभे आहे. म्हणून बाधित रसात पोलाचा आकडा दोन कारणांनी घसरतो : सुक्रोज घटलेले असते, आणि नव्या शर्करा उरलेल्या सुक्रोजच्या वळणाला छेद देतात. मराठी पाठ्यलेखनात ‘इन्व्हर्टेज’ हा शब्द जसाच्या तसा येतो, पण त्यात काय उलटते ते क्वचितच सांगितले जाते. परका शब्द घेण्यात दोष नाही. त्याच्या पोटातील क्रियापद बाहेर काढून दाखवले नाही, एवढाच दोष आहे.

यापुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. ‘रोगट उसात इन्व्हर्टेज वाढते’ या वाक्यातील इन्व्हर्टेज कोणाचे? बुरशी हे विकर बाहेर टाकते हे खरे. पण उसाजवळही स्वतःचे इन्व्हर्टेज असते. कोवळ्या, वाढत्या कांड्यांत त्याची क्रियाशीलता मोठी असते आणि कांडे पक्व होऊन सुक्रोज साठवू लागले की ती मंदावते. निरोगी पेशीत सुक्रोज रिक्तिकेत साठलेले असते आणि पेशीच्या पडद्यांमुळे त्याचा ताबा पेशीकडे राहतो. हे पडदे फाटले की जे वेगळे ठेवलेले होते ते एकत्र येते. तेव्हा रोगट रसात मोजलेले विकर बुरशीने आणलेले, उसाने आघातानंतर पुन्हा चालू केलेले, की केवळ बंदोबस्त मोडल्याने मोकळे झालेले, असे तीन पर्याय समोर असतात. विद्यार्थ्याने ‘वाढते’ ऐवजी ‘बुरशी सोडते’, ‘ऊस निर्माण करतो’ किंवा ‘पेशी फुटल्याने मोकळे होते’ यांपैकी एक क्रियापद निवडण्याचा आग्रह धरला, तर त्याला आपोआप पुढचा प्रयोग आखावा लागेल. अकर्मक क्रियापद ही अडचण टाळून देते. म्हणूनच ते सोयीचे वाटते.

५

काणीचे उदाहरण घेतले म्हणजे ‘कुजणे’ या कल्पनेची मर्यादा स्पष्ट होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा रोग लाल कुजीपेक्षा अधिक परिचयाचा आहे. एके काळी येथे मोठ्या प्रमाणावर लावला जाणारा को ७४० हा वाण काणीला बळी पडणारा होता. काणीची बुरशी ऊस कुजवीत नाही. ती उसाला जिवंत ठेवते आणि त्याच्या वाढत्या शेंड्यात राहून तेथील वाढीची दिशा बदलते. शेंड्यातून चाबूक निघतो, फुटवे वाढतात, पण ते बारीक आणि गवतासारखे राहतात. सुक्रोज साठवण्यासाठी जे अन्न जावयाचे ते दुसरीकडे वळवले जाते.

असे असताना ‘काणीमुळे साखर कमी होते’ आणि ‘लाल कुजीमुळे साखर कमी होते’ ही दोन वाक्ये मराठी पुस्तकांत एका ओळीत बसवलेली आढळतात. पहिल्या ठिकाणी साखर साठण्याआधीच वळवली जाते. दुसऱ्या ठिकाणी साठलेली साखर फोडली जाते. काणीत दोष उत्पादनाचा आहे, लाल कुजीत साठ्याचा. वाक्य एकच राहिल्याने हा भेद वाचकापर्यंत पोहोचत नाही.

६

कर्त्याचा हा लोप सर्वांत महाग पडतो तो वाणांविषयीच्या भाषेत. को ०२३८ हा वाण २००९ साली प्रसारित झाला. उत्तर प्रदेशात तो इतका पसरला की, तेथील उसाच्या निम्म्याहून कितीतरी अधिक क्षेत्रावर तो एकटाच उभा राहिला. त्यानंतर लाल कुजीने त्याला गाठले आणि मोठे नुकसान झाले. या घटनेचे वर्णन ‘वाणाची प्रतिकारशक्ती ढासळली’ अशा शब्दांत केले जाते. ऊस टिपऱ्यांपासून लावतात. एका वाणाचे सर्व ऊस एकाच मूळ रोपाचे शाकीय वंशज असतात. २००९ चा को ०२३८ आणि दहा वर्षांनंतरचा को ०२३८ यांच्या आनुवंशिक घडणीत वस्तुतः फरक पडलेला नव्हता. बदलली होती ती बुरशी. तिचा सीएफ १३ या नावाने ओळखला जाणारा प्रकार या वाणावर मात करू शकला. ‘ढासळली’ या क्रियापदाने दोष उसाकडे दिला आणि ज्याच्यात बदल झाला तो वाक्याबाहेर राहिला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारात को २१३ या वाणाचे असेच झाले होते. वाक्य बदलले असते तर इतिहास बदलला असता, असे कोणी म्हणणार नाही. पण ‘वाण दुबळा झाला’ असे म्हणणारा नवा वाण शोधतो, आणि ‘बुरशी बदलली’ असे म्हणणारा बुरशीवर पाळत ठेवतो व एकाच वाणावर सारे क्षेत्र सोपवण्यास कचरतो. हा फरक शब्दांपुरता नाही.

याला आर्थिक बाजूही आहे. २००९ साली वैधानिक किमान दराच्या जागी आलेला रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याशी जोडलेला आहे, आणि उतारा मोजला जातो तो साऱ्या कारखान्याचा. एका शेतातील बाधित उसाचा परिणाम त्या सरासरीत विरघळून जातो. वजनकाट्यावर तो ऊस ऊसच असतो. मळीत जाणाऱ्या साध्या शर्करा कोणाच्या शेतातून आल्या याची नोंद राहत नाही. शेतकऱ्याला न दिसणारे हे नुकसान दाखवून देण्याचे काम भाषेनेच करावयाचे आहे.

७

या टीकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रोगाचे नाव ही केवळ खूण असते. तिच्याकडून संपूर्ण शास्त्राची अपेक्षा करू नये. हा आक्षेप मान्य करण्यासारखा आहे. ‘लाल कूज’ हे नाव बदलावे, असे येथे सुचवावयाचे नाही. ते आटोपशीर आहे आणि रूढ आहे. नाव बदलण्याने नवा गोंधळ मात्र होईल. मागणी एवढीच की, नाव दिल्यानंतरच्या पहिल्या परिच्छेदात त्यातील दोन पदांचे दोन धनी कोण, हे सांगितले जावे.

दुसरा आक्षेप परिभाषेच्या बाजूने येतो. ‘बुरशी’ऐवजी ‘कवक’, ‘एंझाइम’ऐवजी ‘विकर’ असे काटेकोर शब्द वापरले की लेखन आपोआप काटेकोर होईल, अशी एक समजूत आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने परिभाषेचे जे काम हाती घेतले त्याचे मोल मोठे आहे. पण नामे घडवून वाक्ये घडत नाहीत. ‘कवकामुळे विकर वाढते’ हे वाक्य ‘बुरशीमुळे एंझाइम वाढते’ या वाक्याइतकेच मोघम आहे. ‘मुळे’ हा शब्द कारण सांगतो. कर्ता सांगत नाही. मराठीजवळ कर्ता स्पष्ट करणारा ‘ने’ हा प्रत्यय आहे आणि ‘कुजणे’पासून ‘कुजवणे’ अशी प्रयोजक रूपे सहज होतात. ‘बुरशीने सुक्रोज फोडले’, ‘उसाने रंगद्रव्य रचले’, ‘आधीच्या पेशींनी गाठीपाशी वाट अडवली’ : ही वाक्ये एकाही नव्या संज्ञेवाचून लिहिता येतात आणि दहाव्या इयत्तेतील मुलालाही समजतात.

मराठी शास्त्रीय गद्याची चर्चा आजवर प्रामुख्याने शब्दांची झाली : संस्कृत घ्यावे की इंग्रजी ठेवावे, नवे घडवावे की बोलीतून उचलावे. ऊसरोगांच्या लेखनाची चिकित्सा असे दाखवते की, अडचण बहुतेक वेळा नामाशी नसून क्रियापदाशी असते. चिरलेल्या उसातील लाली पाहून विद्यार्थ्याने ‘येथे रोग आहे’ असे न म्हणता ‘येथे ऊस लढला आहे, आता पांढरे कोठे आहे ते पाहू’ असे म्हटले, तर त्याच्या वाक्याला कर्ता मिळाला, आणि त्याच्या प्रयोगाला दिशाही मिळाली असे समजावे.